गिलानसेवा आणि सिकलसेलचा आजार : एक अभ्यासपाठ



वर्षावासाच्या काळात आपल्या विहारांतून ग्रंथवाचन होते. त्यात करुणा, मैत्री, दान हे शब्द वारंवार येतात आणि आपण ते श्रद्धेने ऐकतो. परंतु आपल्याच गल्लीत एखादे लेकरू रात्रभर हाडांच्या ठणक्याने रडत असेल, आणि शेजारीपाजारी "रोजचंच आहे त्याचं" असे म्हणून दार लावून घेत असतील, तर त्या करुणेचे काय झाले, हा प्रश्न आम्हास पडतो. म्हणून या पाठात आम्ही दोन गोष्टी एकत्र घेतल्या आहेत. एक म्हणजे आजाऱ्याच्या सेवेविषयीची तथागतांची शिकवण. दुसरी म्हणजे आपल्या समाजात असूनही आपणास नीट न कळलेला सिकलसेल हा आजार.

१. विनयातील प्रसंग

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूस पोटाचा विकार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह निवासस्थाने पाहत फिरत असताना तेथे आले. तुझी सेवा करणारा कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. नाही, असे उत्तर आले. का नाही, असे विचारता तो म्हणाला की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझ्याकडे पाहत नाहीत. तेव्हा भगवंतांनी आनंदास पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून उचलून त्यास खाटेवर निजविले.

त्यानंतर संघास एकत्र करून त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा : तुम्हास येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर ती कोण करील? ज्यास माझी सेवा करावयाची आहे, त्याने आजाऱ्याची सेवा करावी. इतकेच नव्हे, तर जबाबदारीचा क्रमही लावून दिला. आचार्य असेल तर त्याने, शिष्य असेल तर त्याने, सोबती असेल तर त्याने सेवा करावी. आणि कोणीच नसेल तर ती संघाने करावी, न केल्यास तो दोष होय.

या प्रसंगातील एक गोष्ट आपण लक्षात ठेवावी. तो भिक्खू एकटा पडला तो केवळ आजारामुळे नव्हे. आजाऱ्याचा उपयोग काय, या हिशेबामुळे तो एकटा पडला. हाच हिशेब आजही आपल्या घरांतून चालतो. जो मुलगा मोंढ्यात हमाली करू शकत नाही, जी सून शेतात खुरपायला जाऊ शकत नाही, तिच्याकडे कसे पाहिले जाते हे आपण जाणतो.

२. आमच्या वस्तीतील एक अनुभव

आमच्या वस्तीतील एका ऊसतोड कामगाराच्या मुलाची हकीकत येथे सांगणे आवश्यक वाटते. वर्षाचा असताना त्याच्या हातापायांचे पंजे सुजले. घरच्यांनी सूज उतरण्यासाठी लेप लावले. पुढे डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा काविळीचे झाडपाल्याचे औषध झाले. सहाव्या-सातव्या वर्षापासून मांड्या आणि पाठ दुखू लागली. कोणी वात म्हटले, कोणी आमवात म्हटले. एका दवाखान्यात रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या ठिकाणी सलाईन लागले. दुखणे दोन-चार दिवसांत ओसरे आणि मुलगा पुन्हा खेळू लागे. त्यामुळे शाळेत आणि घरातही "हा सोंग करतो" असा समज झाला. आजीने करणीचा संशय घेतला. आई विदर्भातील असल्याने दोष तिच्या माहेरावर गेला. बापाने मुकादमाकडून उचल घेतली होती, ती दवाखान्यातच गेली.

अखेर नागपूरच्या मावशीकडे गेला असता तेथे रक्ताची तपासणी झाली आणि आजाराचे नाव कळले. तेव्हा मुलाचे वय अकरा होते. नाव कळल्यावर त्याची आई आम्हास म्हणाली, "दादा, दुखणं तेच हाय, पण आता माझं लेकरू खोटारडं नाही." या एका वाक्यात अशा आजाऱ्यांचे निम्मे दुःख आलेले आहे, असे आम्हास वाटते.

जालना जिल्हा या आजाराच्या मुख्य पट्ट्यात मोजला जात नाही. महाराष्ट्रात हा आजार प्रामुख्याने विदर्भात, नंदुरबार-पालघरकडील आदिवासी भागांत, आणि मराठवाड्यात किनवटच्या बाजूला आढळतो. परंतु जाफराबाद, भोकरदन, मंठा या तालुक्यांची हद्द बुलढाणा जिल्ह्याला लागून आहे, आणि आपल्या सोयरिकी तर अकोला, वाशीम, अमरावती, नागपूरपर्यंत जातात. माणसे जातात-येतात, त्यांच्याबरोबर त्यांचे रक्तही येते. जेथे आजार विरळ, तेथे तो चटकन कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणूनच आपल्याकडील रुग्ण अधिक भटकतो.

३. हा आजार म्हणजे काय?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. त्यांतील हिमोग्लोबिन हा पदार्थ शरीरभर प्राणवायू पोहोचवितो. सिकलसेलच्या रुग्णात या हिमोग्लोबिनच्या घडणीत एका ठिकाणी बदल झालेला असतो. प्राणवायू कमी झाला की त्याचे धागे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. इंग्रजीत विळ्यास सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जेथे अडकतात तेथे रक्त पोहोचत नाही आणि असह्य कळा येतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडते आणि डोळे पिवळे दिसतात. जन्मल्यावर पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन टिकून असते. त्यामुळे त्रास साधारणतः सहा महिन्यांनंतर सुरू होतो.

या आजाराची पहिली शास्त्रीय नोंद १९१० साली अमेरिकेतील शिकागो येथे डॉ. जेम्स हेरिक यांनी केली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला, आणि १९५८ साली नागपूर भागातील नोंद प्रसिद्ध झाली. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाच्या माध्यमातून आदिवासी भागांत या आजारावर दीर्घकाळ काम केले.

४. हे पूर्वकर्माचे फळ नव्हे

"मागच्या जन्मीचं पाप" हे वाक्य बौद्धांच्या घरातही ऐकू यावे, याचा आम्हास खेद होतो. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाशी झालेला भगवंतांचा संवाद आहे. माणूस जे काही भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, हे मत त्यांनी तेथे नाकारले आहे. पित्त, कफ, वात, ऋतूतील बदल, आघात अशी अनेक कारणे त्यांनी मोजून दाखविली. परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची कठोर चिकित्सा केली आहे.

विज्ञान या आजाराचे कारण सांगते. ज्यास हा गुण एकाच पालकाकडून मिळतो, त्यास लहानपणी जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे १९५४ साली डॉ. अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले. म्हणजे जेथे हिवतापाने माणसे मरत होती, तेथे हा गुण असलेली माणसे वाचली आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ आणि भारत येथे तो त्यामुळेच सापडतो. आपल्याकडे तो आदिवासींत, पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजात आणि इतर समाजांतही आहे. यात कोणाच्या जातीचा कमीपणा नाही आणि कोणाच्या माहेराचा दोष नाही. वस्तुतः मुलास हा आजार होण्यासाठी आई आणि बाप या दोघांकडून तो गुण यावा लागतो. एकट्या आईला बोल लावणारा अज्ञानीच म्हणावा लागेल.

५. आजाऱ्याचे पाच गुण, सेवकाचे पाच गुण

महावग्गातील त्याच प्रकरणात सेवा कोणाची सोपी जाते आणि सेवा कोणास जमते, हे पाच-पाच मुद्द्यांत सांगितले आहे. सिकलसेलच्या रुग्णास आणि त्याच्या घरच्यांस ते जसेच्या तसे लागू पडतात.

आजाऱ्याने पहिली गोष्ट, हितकर तेच करावे. या आजारात पाणी हे अर्धे औषध आहे. आपल्या जिल्ह्यातील उन्हाळा आणि पाण्याची टंचाई ध्यानात घेता, रुग्णाने घोट घोट पाणी दिवसभर प्यावे. शाळेत बाटली न्यावी आणि गुरुजींनी लघवीला जाण्यास अडवू नये. कडाक्याची थंडी, भर उन्हातील कष्ट, भट्टीजवळचे काम आणि दारू टाळावी.

दुसरी गोष्ट, प्रमाण जाणावे. खेळावे, काम करावे, पण दमण्यापूर्वी थांबावे.

तिसरी गोष्ट, औषध घ्यावे. फॉलिक ॲसिडची गोळी स्वस्त आहे आणि ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे नियमित घ्यावी. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने पुष्कळ रुग्णांत कळांचे प्रमाण कमी होते. मात्र ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि रक्ताची तपासणी वेळोवेळी करूनच घ्यावयाचे असते, आणि गरोदरपणाचा विचार असल्यास आधी डॉक्टरांना सांगावयाचे असते. लोहाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नयेत. येथे रक्त कमी असते ते पेशी फुटल्यामुळे, लोह नसल्यामुळे नव्हे. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णाच्या अंगात तर लोह आधीच साठलेले असते. लहान मुलांचे लसीकरण चुकवू नये, कारण त्यांना जंतुसंसर्ग लवकर होतो.

चौथी गोष्ट, दुखणे खरे खरे सांगावे. पाचवी, वेदना सोसण्याचे बळ ठेवावे. परंतु सोसणे म्हणजे लपविणे नव्हे. आमच्या पाहण्यात असे आहे की मुले आई रडेल म्हणून सांगत नाहीत आणि सुना बोलणी बसतील म्हणून सांगत नाहीत.

सेवकाने पहिली गोष्ट, औषधाची व्यवस्था करता आली पाहिजे. दुसरी, काय द्यावे व काय टाळावे हे कळले पाहिजे. त्यासाठी धोक्याची चिन्हे पाठ असावीत : ताप, छातीत दुखणे व धाप, अचानक पांढरे पडणे आणि डाव्या बाजूला पोट फुगणे, हात-पाय लुळा पडणे किंवा बोबडी वळणे, मुलांमध्ये लिंगाला दीर्घकाळ वेदनादायक ताठरता येणे. यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका याचसाठी आहे.

तिसरी गोष्ट, सेवा लाभासाठी नव्हे तर मैत्रीने करावी. चौथी, मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस करू नये. पाचवी, आजाऱ्यास धम्माच्या गोष्टींनी धीर देता आला पाहिजे. वृद्ध नकुलपिता भगवंतांकडे आला तेव्हा त्यास मिळालेला उपदेश येथे आठवावा. शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ न देण्याचा अभ्यास करावा, असा त्याचा आशय आहे. मात्र हा उपदेश औषधाऐवजी नाही, तो औषधासोबत आहे. कळ आलेल्या मुलाला आधी पाणी आणि वेदनाशामक द्यावे, मग त्याच्या उशाशी बसावे.

६. लग्न जुळविताना

हा भाग आम्ही मुद्दाम स्वतंत्र लिहीत आहोत, कारण येथेच सर्वाधिक लपवालपवी होते.

ज्याच्याकडे हा गुण एकाच पालकाकडून आला त्यास वाहक म्हणतात. वाहक हा सहसा निरोगी असतो आणि सर्व कामे करतो. वाहक आणि निरोगी यांचे लग्न झाल्यास त्यांच्या मुलांना आजार होत नाही. काही मुले वाहक होतील इतकेच. परंतु दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी होण्याची २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून पुढचा धोका टळला असे नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो. असे जोडपे असल्यास गरोदरपणाच्या सुरुवातीसच मोठ्या रुग्णालयात गर्भाची तपासणी करून घेता येते.

वर सांगितलेल्या मुलाची थोरली बहीण तपासणीत वाहक निघाली. तिचे लग्न जमत आले होते. चिठ्ठी फाडून टाकावी, असे नातेवाइकांचे मत पडले. सांगावे की नाही, हे त्या मुलीस विचारावे, असे आम्ही सुचविले, कारण रक्त तिचे आहे आणि चिठ्ठीही तिचीच आहे. तिने सांगण्याचे ठरविले. ते स्थळ मोडले, आणि वस्तीत चार तोंडांनी चर्चाही झाली. त्या दिवसांत तिच्या घरी जाऊन बसणे, एवढेच आम्हास करता आले. पुढे दुसरे स्थळ आले. त्या मुलाने स्वतःहून रक्त तपासून घेतले. तो वाहक नव्हता, आणि विवाह बौद्ध पद्धतीने झाला. सत्य सांगून नुकसान झाले नाही, असे आम्ही म्हणणार नाही, झाले. परंतु लपवून जे नुकसान झाले असते ते एका लेकराच्या हाडांत गेले असते.

आमची सूचना अशी की पत्रिका जुळविण्याचे आपण सोडले आहे, तेव्हा विवाहापूर्वी दोन्ही बाजूंनी रक्त तपासण्याची रीत विहारांनी घालावी. सर्वांचीच तपासणी झाली तर कोणा एकावर बोट राहणार नाही. प्राथमिक चाचणी सोपी आहे. मात्र ती वाहक व रुग्ण यांतील फरक सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढील तपासणी करावी लागते.

७. आधार कोठे मिळेल?

नागपूरचे संपत रामटेके यांचे उदाहरण प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे. स्वतःच्या मुलास हा आजार निघाल्यावर ते रडत बसले नाहीत. त्यांनी इतर पालकांना गोळा केले, सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी केली, आणि शासनदरबारी हा प्रश्न सातत्याने लावून धरला. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ते डॉक्टर नव्हते, बाप होते.

आपल्या जिल्ह्याचेही उदाहरण आहे. भोकरदन तालुक्यातील देहेड गावात गरिबीत वाढलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षण केले आणि त्यावरील उपचाराने असंख्य जीव वाचविले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. न कळलेले दुखणे कळते ते असे, रुग्णाचे ऐकून आणि नोंद ठेवून.

आज शासनाच्या काही सोयी आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. त्यानुसार जिल्हा रुग्णालयातून तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळू शकते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते मुख्यतः आदिवासी भागांसाठी आहे. तेव्हा आपल्यापर्यंत कोणी येईल याची वाट न पाहता आपणच विचारणा केली पाहिजे. प्रथम जालन्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करावी. पुढील उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय सुमारे ६० किलोमीटरवर आहे. जालन्यातही २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. एसटी प्रवासातील सवलतीचे नियम आगारात विचारून घ्यावेत.

परंतु सर्वात जवळचा आधार विहाराचाच आहे. आम्ही करावयाची कामे अशी ठरविली आहेत. पौर्णिमेच्या वंदनेनंतर रुग्णांच्या घरच्यांची अर्धा तास बैठक. रक्तदात्यांची यादी आणि त्यांचे रक्तगट. शाळेतील गुरुजींना भेटून मुलाचा आजार समजावून सांगणे. ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांच्या आजारी मुलांना त्या काळात वस्तीतच ठेवून घेण्यासाठी दोन-तीन घरांची व्यवस्था. आणि प्रत्येक रुग्णासाठी एक वही, ज्यात कळ केव्हा आली, किती दिवस राहिली, काय दिले, हे लिहिलेले असेल. नवीन डॉक्टरांपुढे ही वही ठेवली की रुग्णास आपला खरेपणा पुन्हा सिद्ध करावा लागत नाही.

तो मुलगा आता दहावीत आहे. कळा अजून येतात, पण पूर्वीपेक्षा कमी. मागील महिन्यात त्यास कळ आली तेव्हा वर्गातील दोन मुले त्याचे दप्तर घेऊन घरापर्यंत आली, आणि त्यांतील एक संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिला. त्या मुलाने महावग्ग वाचलेला नाही. आपण वाचलेला आहे, म्हणून आपली जबाबदारी अधिक आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आजारी भिक्खू एकटा का पडला होता? आपल्या वस्तीत असे कोण आहे?
२. 'पूर्वकर्माचे फळ' या समजुतीस सीवकाशी झालेल्या संवादाच्या आधारे उत्तर द्या.
३. वाहक आणि रुग्ण यांतील फरक सांगा. दोघे वाहक असल्यास काय संभवते?
४. आजाऱ्याचे व सेवकाचे पाच गुण सांगून प्रत्येकास आपल्या घरातील एक उदाहरण द्या.
५. आपल्या विहारात यांपैकी कोणते काम येत्या पौर्णिमेपासून सुरू करता येईल?

नमो बुद्धाय ! जयभीम !